दारे-खिडक्या कुणाच्या घ्याव्यात?

घर बांधणारा पाया किती खोल खणला हे कौतुकाने सांगतो. पण पाहुण्याचा पहिला संबंध येतो तो दाराच्या कडीशी. संगणकावरील प्रोग्रॅमचेही तसेच आहे. आत हिशेब कितीही चोख असो, वापरणाऱ्याला दिसतात ती पडद्यावरची बटणे, चौकटी आणि याद्या. ही प्रत्येक जण स्वतः तासून बनवीत नाही. ती तयार मिळतात. अशा तयार दारा-खिडक्यांच्या संचाला ‘टूलकिट’ म्हणतात.

मराठीच्या प्राध्यापकाने या वखारीत शिरावे कशाला, असे वाचक विचारतील. आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी जमविलेल्या बोलीतील शब्दांच्या चिठ्ठ्या खोक्यांत पडून होत्या. त्या शोधण्यासाठी माझा पुतण्या पायथॉन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून देणार होता. “काका, टूलकिट आधी ठरवा,” तो म्हणाला, “भिंतीचा रंग मागाहून बदलता येतो, दारे बदलायची तर भिंतच फोडावी लागते.”

मी दोन अटी घातल्या. मराठी अक्षर मोडता कामा नये. आणि आमच्या वर्गातील एका अंध मुलीला तो कुणाच्याही मदतीवाचून वापरता आला पाहिजे. कितीतरी शब्द तिनेच गावी ऐकून आणलेले. तिच्याच शब्दांचे कपाट तिलाच उघडता येऊ नये, हे मला पटणारे नव्हते.

पहिले नाव निघाले ‘टीके’चे. जॉन ऑस्टरहाउट या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी ते घडविले. पायथॉनबरोबर ते बहुधा आयतेच मिळते. पण ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवितो, मग वेलांटी. ती उचलून ‘क’च्या अलीकडे मांडायची असते. लिनक्सवर टीकेच्या ८.६ या आवृत्तीला हे साधत नाही. शिवाय पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला तिच्यातील बटणांचा पत्ताच लागत नाही. दोन्ही अटी तिथेच मोडल्या.

‘जीटीके’चा जन्म ‘गिम्प’ या चित्रे रंगविण्याच्या प्रोग्रॅमसाठी झाला. बर्कलीचे विद्यार्थी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे त्याचे जनक. ‘पँगो’ नावाच्या जोडीदारामुळे देवनागरी सुबक उमटते. मात्र त्याचे माहेर लिनक्स. विंडोजवर ते परक्या घरी आल्यासारखे वावरते, आणि आमच्या महाविद्यालयात विंडोजच अधिक.

‘क्यूटी’ नॉर्वेचे, पहिली आवृत्ती १९९५ सालची. रूपवान, गुणी, देवनागरी जाणणारे, अंधांची सोय असलेले. पण देण्याघेण्याच्या अटींवरून त्याने एकेकाळी मोठे भांडण पाहिले आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘केडीई’ने ते स्वीकारले, त्याचा परवाना पुरेसा मुक्त नाही म्हणून १९९७ मध्ये दुसऱ्या मंडळींनी जीटीके घेऊन ‘जीनोम’ उभे केले. २००० साली क्यूटी जीपीएल परवान्याखाली मिळू लागले आणि वादाची धार गेली. तरी रूपावर भाळण्याआधी परवाना वाचावा, हा धडा उरलाच.

शेवटी ‘डब्ल्यूएक्स-विजेट्स’. १९९२ साली एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी ते सुरू केले. त्याची तऱ्हा निराळी. ते बहुतेक दारे स्वतः घडवीत नाही. ज्या गावी जाईल तिथल्याच सुताराकडून घेते. विंडोजवर विंडोजची बटणे, लिनक्सवर बहुधा जीटीकेची. त्यामुळे अक्षरांची मांडणी आणि वाचून दाखविण्याची सोय पुष्कळशी आयतीच पदरात पडते. उलट बाजूही आहे: प्रत्येक गावी रूप थोडे पालटते, आणि नखरेल सजावटीला वाव कमी. चिठ्ठ्यांच्या कपाटाला नखरा हवा कशाला?

निर्णय झाला तो मात्र आणखी एका गोष्टीने. अंधांना विंडोजचा पडदा विनामूल्य वाचून दाखविणारा ‘एनव्हीडीए’ ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. त्याच्या स्वतःच्या खिडक्या याच टूलकिटच्या आहेत! ज्याच्या हाती किल्ली त्याचीच पसंती. यापरती शिफारस कोणती?

प्रोग्रॅम तयार झाल्यावर ती मुलगी कळफलकावर बसली. एकेक नोंद ऐकत गेली, मध्येच थांबली आणि म्हणाली, “सर, या शब्दाचा अर्थ कुणीतरी चुकीचा लिहिलाय. आमच्याकडे असं म्हणत नाहीत.” आणि कुणालाही न विचारता तिने तो दुरुस्त केला.