वर्गातील गारवा : जुने यंत्र बदलण्यापूर्वी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुका मात्र अवर्षणप्रवण आहे. माणला लागून सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि त्यापुढे जत. या पूर्व पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. सकाळची शाळा हा त्यावरचा जुना तोडगा. तथापि २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालल्या आणि वर्गातील उष्म्याचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

येथील बहुतेक शाळांत वातानुकूलन यंत्रे नाहीत. ती आढळतात शहरांतील काही शाळांच्या संगणक कक्षात, कार्यालयात वा सभागृहात. अशा यंत्राचे आयुष्य साधारणतः दहा ते पंधरा वर्षांचे. ते थकले की त्याच जागी तेवढ्याच किंवा अधिक टनांचे नवे यंत्र बसविण्याचा प्रघात आहे. येथेच थोडे थांबावयास हवे.

यंत्राचा 'टन' म्हणजे त्याचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची ती क्षमता होय. म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. स्वस्थ बसलेल्या मुलाच्या शरीरातून ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर पडते. चाळीस मुलांचा वर्ग भरला की जवळजवळ एक टन क्षमता त्यांच्यावरच खर्ची पडते. उरलेला मोठा भार छपराचा. लोखंडी पत्रा उन्हात झटकन तापतो. सिमेंटचा स्लॅब हळूहळू तापतो, पण ऐन दुपारनंतर ती उष्णता खाली सोडू लागतो. जुनी कौलारू छपरे या बाबतीत अधिक समंजस होती, कारण कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. गळती आणि डागडुजीचा खर्च यांमुळे अनेक ठिकाणी कौले उतरून पत्रे आले. त्याची किंमत मुले दुपारी मोजतात.

म्हणून आधी छप्पर पाहावे. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप दिल्यास बराचसा सूर्यप्रकाश परावर्तित होतो. पावसाळ्यात तो धुपतो, तेव्हा दर वर्षी मार्चपूर्वी नवा हात द्यावा लागतो. पत्र्याखाली छत घालून मध्ये हवेला वाट ठेवावी, भिंतीच्या माथ्याशी झरोके असावेत, आणि पश्चिमेच्या भिंतीवर झाडाची सावली असावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. प्रत्यक्ष वृक्षाचाही शाळेला तितकाच उपयोग. एवढे केल्यावर अनेक खोल्यांत पंखे पुरे पडतात. जेथे यंत्र अपरिहार्य असेल, तेथे ते लहान चालते आणि विजेचे बिलही आटोक्यात राहते.

भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करते. बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. दारे-खिडक्या बंद असलेल्या भरल्या वर्गात मुले पेंगू लागतात, ते सर्वस्वी कंटाळ्याने नव्हे. बाहेर हवा टाकणारा लहान पंखा आणि मधल्या सुट्टीत उघडलेल्या खिडक्या यांची जोड आवश्यक आहे.

जुन्या यंत्रांपैकी अनेकांत आर-२२ हा वायू असतो. ओझोनच्या थरास तो घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपुष्टात यावयाचा आहे. त्यामुळे गळक्या यंत्रात वर्षानुवर्षे गॅस भरत राहणे शहाणपणाचे नाही. यंत्र उतरविताना तो वायू हवेत न सोडता टाकीत उतरवून घ्यावयाचा असतो, आणि यंत्र भंगारवाल्यास न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे सोपवावयाचे असते. निविदेतच ही अट घातलेली बरी.

सांगलीस आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले. नदीकाठच्या शाळांत यंत्राचा बाहेरचा भाग जमिनीलगत न ठेवता २०१९ च्या पूररेषेच्या वर कंसावर बसवावा, आणि विजेचा फलकही तेवढ्याच उंचीवर न्यावा.