खापरपणजोबांचा कागद

इंग्लंडमधल्या माणसाला आपला पणजा शोधायचा असला तर निम्मे काम जनगणनाच करून देते. १८४१ पासून तिथे घरागणिक नावे लिहिलेली आहेत आणि शंभर वर्षे उलटली की ती पाने लोकांना खुली होतात. १९२१ ची पाने जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आपल्याकडेही १८७२ पासून खानेसुमारी होत आली, पण बेरजा होऊन तक्ते छापले गेले की माणसांच्या नावांचे कागद कुणी जपले नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ तर प्रगणकाची वही कुणालाही पाहू देत नाही. त्यामुळे जिल्ह्यात कुणबी किती, कोष्टी किती, हे जुन्या तक्त्यांत सापडते; आपला खापरपणजा त्यांतला कोणता, ते सापडत नाही. २०२५ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या मागणीत हैदराबाद गॅझेटियरवरून एवढे रान उठले, तेव्हाही पेच हाच होता. त्यात आकडे आहेत, नावे नाहीत.

मग नाव कुठे मिळते? माझ्या मते, ज्या दफ्तराला त्या माणसाकडून काही वसूल करायचे होते किंवा ज्या दफ्तराकडून त्याला काही मिळवायचे होते, तिथे. शोधाची सुरुवात नेहमी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून करावी ती यासाठीच.

तिथली पहिली वही गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण गेले, बापाचे नाव, जात, मरणाचे कारण, अशी ती नोंद. जन्माच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, कारण बारसे व्हायच्या आधीच कोतवालाने वर्दी दिलेली असते. मरणाच्या रकान्यात ‘ताप’ हा शब्द पानेच्या पाने उतरत जातो आणि मध्येच एखाद्या वर्षी महामारी सगळे पान व्यापून टाकते. आडनावाचा पत्ता नसतो. ‘रामजी बिन संताजी’ एवढ्यावर भागवलेले असते, आणि एका गावात असे तीन रामजी निघाले की शोधणाऱ्याची दमछाक होते.

त्याहून जास्त भरवसा मी फेरफारावर ठेवतो. खातेदार मेला की वारस नोंद होते, आणि जमिनीचा प्रश्न असल्यामुळे ती करताना कुणी हयगय करत नाही. मुलगे, विधवा, वये, नाती, सारे एका पानावर येते. घराण्यांच्या छापील वंशवृक्षांत लेकींचे नाव सहसा सापडत नाही, पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत त्या दिसतात. पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्राने त्या पुन्हा बाहेर पडतात, ही गोष्ट वेगळी. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही पाहावे, मात्र त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नये. मास्तरांनी निम्म्या गावाला १ जून ही तारीख देऊन टाकलेली असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी ही सगळी दफ्तरे राज्यभर उलगडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या कुणी न सोडलेल्या गाठी सुटल्या. एरवी कुणी न विचारणाऱ्या मोडी वाचकांना भाव आला, कारण जुन्या नोंदी बव्हंशी मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते, आणि शिकाऊ माणसाला पहिली ठेच लागते ती तारखेशी. पेशवाईतल्या कागदावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे येते. आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून सुहूर सन १२१८. हे साल मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्यात ५९९ मिळवायचे की ६०० ते महिना पाहून ठरवावे लागते. पावसाळ्यापासून डिसेंबरअखेर असेल तर १८१७, त्यापुढे १८१८. म्हणजे पेशवाई बुडाली तेच साल.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मात्र तिथे सामान्य रयतेपेक्षा वतनदार-इनामदारच जास्त भेटतात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि इनाम टिकवायला घराण्यांनी कैफियती व वंशावळी सादर केल्या. आयती वंशावळ हाती आली की वाचणारा हरखतो. मी म्हणेन, तिथेच जास्त सावध व्हावे. इनाम वाचवायला लिहिलेल्या कागदात गैरसोयीचा चुलता गाळला जाणे अजिबात अवघड नव्हते.

खरेपणाच्या बाबतीत तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना तोड नाही. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी बाड काढतात. आजोबा कुणाच्या अस्थी घेऊन आले होते, सोबत कोण होते, हे कधी कधी आजोबांच्याच हस्ताक्षरात मिळते. इथे कुणाला जमीन मिळायची नव्हती, म्हणून खोट्याला फारसे कारण नव्हते. गोव्यात काम आणखी सोपे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत आणि १५९५ पासूनचे पुराभिलेखागारही.

पण सर्वांत तपशीलवार नोंद मिळते ती घर सोडून गेलेल्या गरिबाची. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर जाऊ लागले, त्यांत पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसेही गेली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या रजिस्टरांत मजुराचा क्रमांक, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, आणि पुढच्या काळात फोटोसुद्धा आहे. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून मालकांना हे सगळे हवे होते. कोकणात मागे राहिलेल्या त्याच्या भावाची उंची कुणी कधी लिहून ठेवली नाही.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की अशा मजुरांच्या सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकेल. त्यासाठी मजुराच्या त्या नोंदीपासून मुलाचा दाखला, मग नातवाचा, अशी एकेक कडी जोडत आजपर्यंत यावे लागते. कुणबी दाखल्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या जालन्या-बीडच्या माणसाला हे काम समजावून सांगावे लागणार नाही.