एकुलत्या एका लेकीचे आई-बाबा

ज्या मुलीला भाऊ नाही, तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आज शहरांतल्या कितीतरी घरांत ही वेळ येते. कारण ‘मुलगा असो वा मुलगी, एकच पुरे’ असे जोडपी ठरवू लागली आहेत.

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातल्या स्त्रीला सरासरी ३.४ मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २ वर आला, तर शहरांत तो अवघा १.६ भरला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ लागतात. मुलींचे शिक्षण, नोकरी, उशिरा होणारी लग्ने, घरांच्या किमती, शाळेची फी आणि मूल सांभाळायला घरात कोणी नसणे, ही त्यामागची कारणे आपल्या परिचयाची आहेत.

कुटुंब लहान झाले, पण मन बदलले का? पूर्वी चार भावंडांत आई-वडिलांची जबाबदारी वाटली जाई. आता दोन एकुलत्या मुलांचे लग्न झाले, की एकाच जोडप्याकडे चार वृद्ध येतात. त्यातही सासू-सासऱ्यांना सांभाळणे हे सुनेचे कर्तव्य. मात्र तिने स्वतःच्या आईच्या औषधपाण्याला पैसे दिले, की घरात कुरबूर सुरू होते. तिचे आई-वडीलही ‘लेकीच्या घरी कसे राहायचे?’ म्हणून संकोचतात.

कायदा मात्र केव्हाच पुढे गेला आहे. स्वतःचे उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केले. ज्येष्ठांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही.

म्हणूनच लग्न ठरवताना पत्रिका, पगार आणि मानपानाबरोबर हा विषयही मोकळेपणाने बोलून घ्यावा. मुलीने तो काढला तर तिला आगाऊ समजू नये. दोन्हीकडच्या आई-वडिलांसाठी दरमहा किती रक्कम बाजूला ठेवायची आणि आजारपणात कोणी रजा घ्यायची, हे पती-पत्नीने मिळून ठरवावे. आई-वडिलांनीही सारी पुंजी लग्नसमारंभात न उधळता म्हातारपणासाठी राखून ठेवावी.

एकुलत्या एका लेकीला आपण मुलासारखे वाढवले, असे अभिमानाने सांगतो. मग आई-वडिलांसाठी मुलासारखे उभे राहण्याचा हक्कही तिला द्यायला हवा, आणि तो तिच्या सासरी मान्य व्हायला हवा.