भिंतीवरची पट्टी

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरलं आणि पहिला प्रश्न आला तो हॉलमधल्या पट्टीचा. ड्रॉइंगचे कागद लांबीत कापून, एकाला एक डकवून केलेली ती पट्टी पाच वर्षं भिंतीवर होती. एका शतकाला चार बोटं, असं माप. अब्राहामापासून आजपर्यंतची चाळीस शतकं दहा फुटांत बसली होती. रंगारी येण्याच्या आदल्या रात्री आम्ही चौघं आणि माझे सासरे, ज्यांना मुलं आबा म्हणतात, एकेक चिकटपट्टी जपून सोडवत बसलो. तेव्हा वाटलं, या पाच वर्षांचं लिहून ठेवावं. आमच्यासारखा विचार करणारी दोन-तीन कुटुंबं आमच्या चर्चच्या मंडळीत आहेत आणि ती मला सारखं एकच विचारतात : इतिहासाला कोणतं पुस्तक घेतलंत?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोठी तेरा वर्षांची होती, धाकटा अकराचा. ऑनलाइन वर्गात धाकटा कॅमेरा बंद करून तासन्‌तास गप्प बसायचा. वर्षाअखेर आम्ही दोघांना घरीच शिकवायचं ठरवलं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि घरी शिकण्याला त्यात स्पष्ट जागा नाही, म्हणून धाकधूक होती. पण दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बसता येतं. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, माध्यम मराठीही घेता येतं. तो रस्ता दिसल्यावर धीर आला. नणंदेचं म्हणणं होतं की मुलं एकटी पडतील. ती काळजी खोटी नव्हती. पहिलं वर्ष आम्हाला जड गेलं.

गणित-विज्ञानाचं फार अडलं नाही. अडलं ते इतिहासापाशी, आणि त्याला कारण मोठीचा एक जुना प्रश्न. ती सहावीत असताना शब्बाथ शाळेतून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, दावीद राजा आधी की अशोक?" मला उत्तर माहीत होतं, पण हा प्रश्न तिला पडावा याचं वाईट वाटलं. रविवारी अब्राहाम, मोशे, दावीद. सोमवारी हडप्पा, मौर्य, शिवाजी महाराज. दोन्ही गोष्टी एकाच पृथ्वीवर, एकाच सूर्याखाली घडल्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही. म्हणून जगाचा इतिहास सलग सांगणारं, आणि देवाचा विषय आला की अवघडून न जाणारं पुस्तक हवं होतं.

तसं मराठीत काही मिळालं नाही. अमेरिकेत मात्र घरी शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलांसाठी असे संच कपाटभर आहेत. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून १९७२ पासून निघणारा अबेका आहे, त्यात पाठ्यपुस्तक, शिक्षकांची प्रत, चाचण्या असं सगळं शाळेसारखं. लिंडा लकूर होबार यांची ‘द मिस्ट्री ऑफ हिस्ट्री’ चार भागांत उत्पत्तीपासून आधुनिक काळापर्यंत येते. सुझन वाइज बाउर यांचे ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’चे चार भाग गोष्टीसारखे आहेत, पण ते वयाने लहान मुलांसाठी. आम्ही महिनाभर नमुन्याची पानं वाचली आणि शेवटी एक संच मागवला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याचं जे खटकलं ते आमच्या घरातून पाहिल्यामुळे खटकलं. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांना तो पुरेसा असेल.

त्या संचाने आम्हाला ही पट्टी दिली, हे त्याचं ऋण. जे वाचाल ते भिंतीवर त्याच्या जागी लिहा, असा त्यात नेम होता. पण पहिल्याच आठवड्यात दोन अडचणी आल्या. पुस्तकात जगाच्या उत्पत्तीला साल दिलं होतं, ख्रिस्तपूर्व ४००४. हे गणित सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी मांडलं. पवित्र शास्त्राच्या मजकुरात ते साल कुठेही नाही. आम्ही उत्पत्तीला तारीख द्यायची नाही असं ठरवलं आणि मुलांना त्याचं कारण सांगितलं. दुसरी अडचण मोठीने काढली. पट्टी ख्रिस्तपूर्व २००० पासून सुरू, मग मोहेंजोदडो लिहायचं कुठे? तिने आणखी सहा शतकांचा कागद कापला, चोवीस बोटांचा, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात वळवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेला. पुढे त्या तुकड्याच्या कडेला दायमाबाद आलं. प्रवरेकाठच्या त्या गावात १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. आबांचं आजोळ त्याच तालुक्यातलं, पण हे त्यांनाही नवीन होतं.

प्राचीन काळाचं वर्ष मला सगळ्यात प्रिय आहे. कोरेश राजाने ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये बाबेल घेतलं, यहुदी परत निघाले, हे शास्त्रात वाचायचं आणि त्याच्या शेजारी बुद्धाचा काळ मांडायचा. एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात हिंदुस्थानचं नाव येतं. ते वचन मी शंभरदा वाचलं असेन, पण पट्टीवर लिहिताना पहिल्यांदा नीट पाहिलं. टाळेबंदी उठल्यावर आम्ही आमच्या नाशिकची पांडवलेणी चढलो. सतराव्या लेण्याच्या शिलालेखात दान देणारा स्वतःला योनक म्हणवतो, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा इंद्राग्निदत्त. म्हणजे ग्रीक वंशाचा किंवा त्या संस्कारातला माणूस नाशिकच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणं कोरवतो आहे.

त्याच महिन्यात त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात गेलो. क्षत्रप नहपानाचं चांदीचं नाणं नखाएवढं असतं. एका बाजूला राजाचा चेहरा, आणि कडेने बारीक अक्षरं. धाकटा काचेला नाक लावून उभा होता. ती अक्षरं ग्रीक वळणाची, थोडी बिघडलेली. नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी एकाच साठ्यात सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पौलाची पत्रं ज्या लिपीत लिहिली गेली, ती लिपी पहिल्या-दुसऱ्या शतकात गोदेकाठच्या बाजारात हातोहात फिरत होती. घरी येताना धाकटा बसमध्ये एवढंच म्हणाला, "म्हणजे ते लांब नव्हतं." मला तेव्हा कळलं की आम्ही जे शोधत होतो ते त्या संचाच्या खोक्यातून येणारच नव्हतं.

मधलं युग आम्ही भराभर उरकलं. पुस्तकाने युरोपच्या राजांना दिलेली पानं मुलांना कंटाळवाणी झाली आणि मीही आग्रह धरला नाही.

सोळाव्या शतकापाशी मात्र थांबावं लागलं. धर्मसुधारणेवर पुस्तकात तीन सुंदर प्रकरणं होती. गोव्याबद्दल एक परिच्छेद, त्यात १५५६ सालचा भारतातला पहिला छापखाना होता आणि १५६० सालचं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धा तपासून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, नव्हतं. ते १८१२ पर्यंत चाललं. मी रात्रभर विचार केला की मुलांना हे आत्ताच सांगावं का. यजमान म्हणाले, "आपण नाही सांगितलं तर बाहेरचं कुणी सांगेल, आणि आपण लपवलं हेही सांगेल." आम्ही सांगितलं. मोठी दोन दिवस अबोल होती. मग त्याच शतकात गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचं वाचलं. त्याने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. पट्टीवर तिने दोन्ही लिहिलं, एकाखाली एक, एकाच शाईने. ख्रिस्ती इतिहास म्हणजे ख्रिस्ती माणसांची पापं गाळलेला इतिहास नव्हे, हे मला माझ्या मुलीच्या त्या दोन ओळींनी पक्कं केलं. पश्चात्ताप शिकवायचा आणि पश्चात्तापाचं कारण झाकायचं, हे जमणार कसं?

मग आलं मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं प्रकरण. १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत चितांबोच्या गावी तो वारला. त्याच्या विश्वासू नोकरांनी काळीज झाडाखाली पुरलं, प्रार्थना म्हटली आणि देह वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून समुद्रापर्यंत वाहून नेला. पुस्तकात एवढंच. धाकट्याने विचारलं, "प्रार्थना कुणी म्हटली? नोकरांना ती येत कशी होती?" मी पान उलटलं, नाव नव्हतं. झोपाळ्यावरून आबा म्हणाले, "जेकबने म्हटली. तो आपल्या शरणपूरचा."

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. आबांनी हे त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. नंतर आम्ही शोधून वाचलं आणि ते खरं निघालं. चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी १८५०च्या दशकात नाशिकबाहेर शरणपूर वसवलं. गुलामांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात, त्यांतली कितीतरी इथे आली. ती इथे लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकला आला आणि शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर गेले. १८७२ मध्ये, त्याला शोधायला गेलेल्या स्टॅन्लीने त्याच्याकडे जी माणसं पाठवली त्यांत जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टनच्या दफनाच्या वेळी प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव आणि तारीख त्याने कोरली. नऊ महिन्यांच्या त्या वाटचालीची डायरी त्याने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. आणि त्याच्याही आधी, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड हे इथलेच दोघे मोंबासाजवळ रबाईला सेवेला गेले होते. पूर्व आफ्रिकेतल्या मंडळीचा पाया घालणाऱ्यांत नाशिकची माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही शरणपूर रोडने चालत गेलो. आज तिथे दवाखाने, दुकानं आणि कॅनडा कॉर्नरची वर्दळ. लहानपणापासून मी त्या रस्त्याने बसने गेले आहे आणि शरण या शब्दाचा विचार कधी केला नव्हता. धाकट्याने पट्टीवर ‘विश्वासू नोकर’ हे शब्द खोडले आणि वर लिहिलं : जेकब वेनराइट, नाशिक.

त्यानंतर तो संच आम्ही बाजूला ठेवला असं नाही, तो सोबतीला राहिला, पण त्याच्या मागे चालायचं आम्ही सोडलं. संध्याकाळी आबा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाईंचा जन्म इथल्याच जलालपूरचा, त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि त्या दोघांच्या संसारात धर्मांतराने काय उलथापालथ झाली हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मुलांना जास्त समजलं. पंडिता रमाबाईंचं मराठी शास्त्रभाषांतर आम्ही शेजारी ठेवलं.

सगळ्यात अवघड संध्याकाळ काळाराम मंदिराची. २ मार्च १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह वाचून झाल्यावर मोठीने आबांना विचारलं, "आपले पणजोबा ख्रिस्ती झाले त्याआधी त्यांना त्या मंदिरात जाता आलं असतं का?" आबा म्हणाले, "नाही." मग बराच वेळ थांबून म्हणाले, "आणि आपल्या देवळातही, सुरुवातीला, प्रभुभोजनाच्या प्याल्याला सगळ्यांचे ओठ लागायला वेळ लागला." हे ते माझ्यासमोर पहिल्यांदा बोलले. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्यांच्या गेलेल्या सवलती, हे सगळं मग एका बैठकीत झालं. परदेशी पुस्तकात हे असणार नाही आणि नसलं म्हणून त्याला दोष नाही. ते घरातल्या माणसानेच सांगायचं असतं, तो माणूस आहे तोवर.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते : पुस्तक जरूर घ्या, कणा लागतोच. पण घेण्याआधी त्याच्या सूचीत भारत काढून पाहा, गोवा काढून पाहा, गुलामगिरी काढून पाहा. तिथे किती पानं आहेत त्यापेक्षा तिथल्या माणसांना नावं आहेत का ते पाहा. इंग्रजी पुस्तक असेल तर वाचल्यावर मुलांना मराठीत सांगायला लावा; आमची मुलं वर्षभर पौलाला ‘पॉल’ म्हणत होती. आणि परीक्षेचा अभ्यास निराळा ठेवा, शेवटचे चार महिने. मोठी २०२३ मध्ये दहावी आणि यंदा बारावी झाली. गुण बरे आहेत. तिला पुण्याला इतिहास घ्यायचा आहे. धाकट्याची दहावी एप्रिलमध्ये.

पट्टी काढताना एकोणिसाव्या शतकापाशी सगळ्यात जास्त वेळ लागला, तिथे कागदावर कागद चिकटवलेले होते. गुंडाळून ती आबांच्या ट्रंकेत ठेवणार होतो. पण मंडळीतल्या एका कुटुंबाने मागितली, त्यांची मुलगी जूनपासून घरी शिकते आहे. रविवारी उपासनेनंतर नेऊन दिली. त्यांच्या हॉलची भिंत नऊ फुटांची आहे, पट्टी साडेअकरा. मुलीने टेप लावून मोजलं आणि ती आईला म्हणाली, खिडकीखालून वळवू.