उच्च रिफ्रेश रेटचा मॉनिटर : खरेदीपूर्वीचा तांत्रिक विचार
(रत्नागिरीतील विद्यार्थी व महाविद्यालये यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :

संगणकाचा मॉनिटर निवडताना पूर्वी आकार, किंमत आणि हमीचा कालावधी एवढेच पाहिले जात असे. आता जाहिरातीत ठळकपणे झळकते ती १४४, १६५, २४० अशी एखादी संख्या आणि तिच्यापुढील 'हर्ट्झ' हे एकक. सुस्थितीतील ६० हर्ट्झचा मॉनिटर बाजूला ठेवून असा नवा घ्यावा, हा आग्रह प्रथम विद्यार्थी घरी धरतो. पालक तो प्रश्न घेऊन महाविद्यालयातील संगणक विषयाच्या प्राध्यापकांकडे येतात. लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांतून रत्नागिरीत शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी ही रक्कम खोलीचे भाडे आणि शुल्क यांच्याच हिशेबातून काढावी लागते.

'खेळाचे खूळ' म्हणून ही मागणी झटकून टाकणेही आता योग्य ठरत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा विभागाकडे सोपविला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सचे सामने पदकांसाठी खेळले गेले. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे खेळ निषिद्ध ठरविताना ई-स्पोर्ट्सना मात्र निराळे आणि मान्य स्थान दिले. तेव्हा विचारणाऱ्यास तांत्रिक उत्तर देणे भाग आहे. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची मांडणी केली आहे.

रिफ्रेश रेट : संकल्पना आणि पूर्वपीठिका :

पडद्यावरील चित्र एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते, ती संख्या म्हणजे रिफ्रेश रेट. ती हर्ट्झमध्ये मोजतात. कल्पना मुळीच नवी नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, त्या मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारणपणे १६ चित्रे दाखविली जात. हालचाल भासण्यास तेवढी पुरतात. परंतु प्रकाश सेकंदाला १६ वेळाच चमकला तर तो डोळ्यांना असह्य होतो. म्हणून प्रक्षेपकात तीन पात्यांचे शटर बसवून प्रत्येक चित्र तीनदा उजळविले जाई. म्हणजे ४८ चमका. बोलपटांनी सेकंदाला २४ चित्रांचे मान स्वीकारल्यावर प्रत्येक चित्र दोनदा दाखविले जाऊ लागले. पुन्हा ४८ चमका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा त्याची व्यवस्था सेकंदाला २५ चित्रे आणि ५० अर्धचित्रे अशी होती. हा ५० चा आकडा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेशी जुळणारा होता.

या इतिहासातून निघणारा भेद महत्त्वाचा आहे. चित्राची लुकलुक थांबणे आणि हालचाल सलग दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ आजही होते, विशेषतः चित्रनळीचे मॉनिटर हाताळलेल्या पिढीकडून. चित्रनळीवरील ठिपका उजळून लगेच मंदावत असे. त्यामुळे ६० हर्ट्झवर लुकलुक जाणवे आणि डोळे शिणत. टीसीओ '९९ या मानकाने किमान ८५ हर्ट्झची अट घातली ती याच कारणाने. आजचा एलसीडी पडदा पुढील चित्र येईपर्यंत आधीचे चित्र धरून ठेवतो. ६० हर्ट्झवर तो तसा लुकलुकत नाही. सबब 'डोळ्यांच्या आरोग्यासाठी १४४ हर्ट्झ' हा युक्तिवाद, मग तो विक्रेत्याचा असो वा विद्यार्थ्याचा, या पडद्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. पडद्यामागील दिव्याची लुकलुक हा निराळा दोष असून तो रिफ्रेश रेटवर अवलंबून नसतो.

मग लाभ कोणता?

लाभ हालचालीच्या स्पष्टतेचा आहे आणि तो खरा आहे. धरून ठेवलेल्या चित्रावरून डोळा मात्र वस्तूचा माग काढीत पुढे सरकत असतो. त्यामुळे वस्तू पुसट भासते. १९२० बिंदू रुंदीचा पडदा दोन सेकंदांत ओलांडणारी आकृती ६० हर्ट्झवर सुमारे १६ बिंदूंइतकी फासल्यासारखी दिसते, १४४ हर्ट्झवर सुमारे ७ आणि २४० हर्ट्झवर ४ बिंदूंइतकी. क्रिकेटचे उदाहरण घेतल्यास हे अधिक उमगेल. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू दोन लगतच्या चित्रांदरम्यान ६० हर्ट्झवर सुमारे ६५ सेंटिमीटर अंतर कापतो, तर १४४ हर्ट्झवर सुमारे २७ सेंटिमीटर. फलंदाजाला जी झेप दिसत नाही ती कमी झाली, तर चेंडूचा मार्ग ओळखणे सोपे जाणार हे उघड आहे.

परंतु हर्ट्झची संख्या वाढते त्या प्रमाणात लाभ वाढत नाही. दोन चित्रांमधील अवधी ६० हर्ट्झवर १६.७ मिलिसेकंद असतो. १४४ हर्ट्झवर तो ६.९ होतो, म्हणजे जवळजवळ १० मिलिसेकंदांची बचत. तेथून २४० हर्ट्झवर गेल्यास ४.२, बचत तीनाहूनही कमी. २४० वरून ३६० वर गेल्यास जेमतेम १.४. पहिली पायरी बहुतेकांना जाणवते. साधी खिडकी माउसने पडद्यावर ओढली तरी फरक दिसतो. शेवटच्या पायरीची किंमत मात्र लाभाशी विसंगत आहे, आणि ती व्यावसायिक खेळाडूंनाच परवडू द्यावी.

साखळीतील इतर दुवे :

खरेदीच्या निर्णयात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथे. मॉनिटर हा साखळीतील शेवटचा दुवा आहे. त्याच्याकडे जे येते तेच तो दाखवितो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून सेकंदाला ५० चित्रेच तयार करीत असतील, तर १४४ हर्ट्झचा पडदा त्यांची ७० करू शकत नाही. म्हणून पहिली चाचणी विनाखर्च घरीच करावी. खेळाच्या मांडणीतील चित्रसंख्या दाखविणारा पर्याय सुरू करून, गर्दीच्या प्रसंगी ती किती राहते हे दोन-चार दिवस टिपून ठेवावे. ती ६० च्या आत घुटमळत असेल, तर पैसा मॉनिटरवर नव्हे, ग्राफिक्स कार्डावर वा स्मृतीवर खर्ची पडला पाहिजे. ती १०० च्या पुढे टिकत असेल, तर जुना मॉनिटर खरोखरच अडथळा ठरत आहे. मधल्या स्थितीत, संख्या ७० ते १०० यांमध्ये खालीवर होत असेल तर, परिवर्ती रिफ्रेश रेटची सोय उपयोगी पडते. जी-सिंक, फ्रीसिंक या नावांनी ती ओळखली जाते. तीत पडदा कार्डाच्या गतीशी जुळवून घेतो आणि चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही.

दुसरा दुवा इंटरनेटचा. व्हॅलोरंटसारख्या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत. रत्नागिरी ते मुंबई हे अंतर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे निव्वळ अंतरामुळे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांचाही विलंब होऊ नये. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी पट भरतो, कारण संदेश सरळ मार्गाने जात नाही. शिवाय घरातील वाय-फाय भिंतींआड अडखळते. नव्या मॉनिटरमुळे चित्र पडद्यावर येण्याची सरासरी प्रतीक्षा पाचएक मिलिसेकंदांनी घटते. वाय-फायच्या एका हिसक्यात ३०-४० मिलिसेकंद सहज जातात. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकणे, हा या दृष्टीने कोणत्याही मॉनिटरपेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी उपाय आहे.

तिसरा दुवा विजेचा असून कोकणात तो विसरून चालत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्याच्या उत्तर भागात अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते. बाजारातील सर्वसाधारण ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक भर खेळात या मर्यादेजवळ पोहोचू शकतो आणि मॉनिटरचा भार त्यावर वेगळा पडतो. यूपीएस अपुरा असेल तर अगोदर त्याची सोय झाली पाहिजे.

केबलचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण तेथेच फसगत होते. एचडीएमआय १.४ या जुन्या मानकाच्या जोडणीवर पुष्कळदा मॉनिटरची पूर्ण गती मिळत नाही. डिस्प्लेपोर्टची जोडणी अधिक भरवशाची असते. जुन्या संगणकाला ती नसेल तर तोही खर्च हिशेबात धरावा.

महाविद्यालयीन प्रयोगशाळा :

प्रोग्रॅमिंग, लेखा किंवा भाषा-प्रयोगशाळा यांसाठी उच्च रिफ्रेश रेटची अट निविदेत घालण्याचे कारण दिसत नाही. तेथे अक्षरांची सुस्पष्टता, बाजूने पाहिले तरी न बदलणारे रंग आणि उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड यांना अग्रक्रम हवा; तासन्‌तास बसणाऱ्या विद्यार्थ्याची मान त्या स्टँडवर अवलंबून असते. ॲनिमेशन किंवा गेम-निर्मितीचा अभ्यासक्रम असल्यास मात्र दोन-तीन मॉनिटर १४४ हर्ट्झचे असावेत. आपण केलेली हालचाल ग्राहकाच्या पडद्यावर कशी दिसेल, हे विद्यार्थ्याला पाहता आले पाहिजे.

खरेदीनंतर :

विंडोज प्रणाली नवा मॉनिटर जोडल्यावरही अनेकदा ६० हर्ट्झवरच चालत राहते. डिस्प्लेच्या प्रगत मांडणीत जाऊन गती स्वतः निवडावी लागते. हे न केल्याने वाढीव पैसे देऊनही जुन्याच गतीवर काम करणारे वापरकर्ते थोडे नाहीत. मृत बिंदू तपासण्यासाठी पडदा एकामागून एक लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा करून पाहावा, आणि हे काम परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच उरकावे. दुरुस्तीसाठी मॉनिटर कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवावा लागणार की तंत्रज्ञ घरी येणार, ही विचारणा मात्र देयक होण्यापूर्वीच करावी. खोके आणि आतील थर्मोकोल हमी संपेपर्यंत माळ्यावर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवून द्यावे.