गडाच्या पायथ्याची घरकुले

रामटेक तालुक्यात गरिबाच्या घराचा प्रश्न विचारावयास गेले म्हणजे उत्तराचा आरंभ विटा-सिमेंटपासून होत नाही. तो जमिनीच्या कागदापासून होतो. हा मुलूख मध्यप्रांताच्या अंमलाखाली असताना येथे मालगुजारीची पद्धत होती, आणि त्या पद्धतीत शिवारातील शेतांप्रमाणेच गावची आबादीही मालगुजाराच्या मालकीत मोडत असल्यामुळे, धानाच्या बांध्यांत राबणारा मजूर, पानमळ्यातला बारई, तलावावरचा ढीवर आणि देवलापारकडच्या रानातला गोंड हे सारे ज्या भुईवर पिढ्यान्‌पिढ्या झोपडी घालून राहिले, ती भुई त्यांच्या वहिवाटीची होती, नावाची नव्हती. १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, आबादी सरकारजमा झाली. परंतु झोपडीच्या जागेचा दाखला पुष्कळांच्या हाती आलाच नाही. पुढील पाऊणशे वर्षांत दिल्लीहून आणि मुंबईहून घरासाठी ज्या ज्या योजना निघाल्या, त्यांचे यशापयश या एका उणिवेच्या संदर्भात पाहिले तरच त्यांचा नीट उलगडा होतो, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात शासनाची दृष्टी मुख्यतः कारखान्याकडे आणि नगराकडे लागलेली होती. १९५२ ची औद्योगिक कामगारांची गृहयोजना, १९५४ ची अल्प उत्पन्न गटाची योजना, १९५७ चे ग्रामीण गृहनिर्माण प्रकल्प, पुढे १९७० मध्ये स्थापन झालेले हुडको, आणि ५ डिसेंबर १९७७ रोजी विदर्भ गृहनिर्माण मंडळासह निरनिराळी मंडळे एकत्र करून उभारलेले म्हाडा, या साऱ्यांचा पाया मुख्यतः कर्ज हाच होता. आणि कर्ज त्यालाच मिळते ज्याला ते फेडता येईल अशी सावकाराची, मग तो सावकार सरकारी का असेना, खात्री पटते. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींतील कायम कामगाराला निदान पगारपत्रक तरी होते. त्याच खाणींभोवतीच्या गावांत रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाजवळ तेही नव्हते, म्हणून या सर्व संस्था त्याच्या दाराशी येऊन थबकल्या.

कर्जाऐवजी अनुदान ही कल्पना ग्रामीण भागात खऱ्या अर्थाने रुजली ती १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेने. प्रथम ती रोजगार कार्यक्रमाचा एक भाग होती. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. त्या दिवशी पंतप्रधानपदी असलेले पी. व्ही. नरसिंह राव हे १९८४ आणि १९८९ च्या निवडणुकांत याच रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते, ही गोष्ट येथील जुनी माणसे अजूनही अभिमानाने सांगतात. या योजनेतील एक तरतूद मला विशेष मोलाची वाटते : घर शक्यतो घरातील स्त्रीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे मंजूर व्हावे. ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर वा अन्य कोणत्याही दप्तरावर कधी चढले नव्हते, तिचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर चढविण्याचे श्रेय या तरतुदीला दिलेच पाहिजे.

१ एप्रिल २०१६ पासून इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. अनुदानाची रक्कम २०१० मध्ये ४५ हजार आणि २०१३ मध्ये ७० हजार होती. ती सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार झाली, केंद्राचा आणि राज्याचा वाटा ६० व ४० टक्के ठरला, आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, करण्यात आले. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजार ८० रुपये होते. शौचालयाचे १२ हजार धरले तर बेरीज १ लाख ६० हजार ८० रुपयांवर जाते. मात्र १ लाख २० हजारांचा मूळ आकडा २०१६ पासून जागचा हललेला नाही, आणि या अवधीत लोखंड, सिमेंट, विटा व मिस्त्रीची मजुरी कोठच्या कोठे गेली हे ज्याने साधी पडवी बांधली त्यालाही ठाऊक आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून ५० हजारांची भर घातली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्यातील १५ हजार छपरावरील सौर संचासाठी आहेत, भिंतीसाठी नव्हेत.

रकमेपेक्षाही तिच्या येण्याचा क्रम अधिक विचार करण्याजोगा आहे. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यानंतर जोता झाला की छायाचित्र, मग पुढचा हप्ता. छज्ज्यापर्यंत भिंती आल्या की पुन्हा छायाचित्र. जुने मातीचे, कवेलूचे घर पाडल्याखेरीज बहुतेकांना त्याच जागी नवे उभारता येत नाही, म्हणून बायकामुले कोठ्यात किंवा प्लॅस्टिकच्या आडोशाला जातात, आणि १५ हजारांत जोता उभा राहत नसल्याने सिमेंटवाल्याकडे उधारी, नातलगाकडे हातउसने आणि बचत गटाकडे कर्ज असे तिहेरी ओझे पहिल्याच महिन्यात डोक्यावर बसते. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याची तजवीज शासनाने केली आहे. परंतु घाटावरून ती आणण्याचे ट्रॅक्टरभाडे लाभार्थ्यालाच भरावे लागते. मृग निघाला आणि स्लॅब पडलेला नसला म्हणजे त्या कुटुंबाचा सबंध पावसाळा कोठ्यातच जातो. घर पुरे झाल्यावरही २६९ चौरस फुटांत स्वयंपाकघर आणि एक खोली काढली की धानाची पोती ठेवावयास जागा उरत नाही. ती उंबऱ्याबाहेर ताडपत्रीखाली राहतात. शेतमजुराच्या आणि लहान शेतकऱ्याच्या घरात कणगीला स्थान असावे लागते, हे नकाशा आखणाऱ्याच्या ध्यानात यावयास हवे होते.

निवडीची पद्धत सुधारली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पूर्वी सरपंचाच्या मर्जीवर चालणारी यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाला जोडली गेली, ग्रामसभेच्या मंजुरीची अट आली, आणि सुटलेल्यांसाठी पुढे 'आवास प्लस' सर्वेक्षण होऊन गावोगाव ज्याला 'ड यादी' म्हणतात ती तयार झाली. दारात दुचाकी असणे ही अपात्रता ठरविणारी अट २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली, हेही योग्यच झाले, कारण बुटीबोरीच्या किंवा नागपूरच्या कामावर जाणाऱ्या मजुराला दुचाकी ही चैन नसून रोजीचे साधन आहे. याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत.

आता पुन्हा जमिनीकडे वळू. ज्याचे नाव यादीत आहे पण ज्याच्यापाशी जागा नाही, त्याच्यासाठी २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीची योजना निघाली : ५०० चौरस फुटांसाठी ५० हजारांपर्यंत साह्य, जे २०२४ मध्ये १ लाखापर्यंत वाढविण्यात आले. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा एवढा लहानसा तुकडा खरेदी करून त्याची नोंद करणे हेच दुष्कर होते. एका खात्याने पैसा द्यावयाचा आणि दुसऱ्याने खरेदीखत अडवावयाचे, हा खेळखंडोबा अनेक वर्षे चालला. २०२४ मध्ये नियम बदलून ग्रामीण घरकुलासाठी १ हजार चौरस फुटांपर्यंत मुभा देण्यात आली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आहे, आणि देवलापारच्या अंगाला, जेथे गावाची हद्द आणि वनाची हद्द एकमेकींत मिसळते, तेथे २००६ चा वनहक्क कायदा निवासाचाही हक्क मान्य करतो. कायदे आहेत, उणीव आहे ती मोजणीची, आणि तहसील, वनखाते व पंचायत समिती यांनी एका टेबलाशी बसून एकेका झोपडीचा निकाल लावण्याची. पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावापासून राज्यात सुरू झालेल्या ड्रोनद्वारे गावठाणमोजणीने आणि पुढे २०२० च्या स्वामित्व योजनेने घरोघर मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले, ते मला सर्व अनुदानांहून अधिक पायाभूत वाटते.

शहरी भागात हीच अडचण नझूल, म्हणजे शहरातील सरकारी जमीन, या नावाने भेटते. २५ जून २०१५ च्या शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे १ लाख असे अडीच लाख मिळत. पण ती जागा त्याच्या नावे असावी लागे, आणि नझूलचा पट्टा मुदत संपलेला किंवा आजोबांच्याच नावावर राहिलेला असेल तर प्रस्ताव पुढे सरकत नसे. ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजसवलत देणारा त्याच योजनेतील भाग तर, जो मार्च २०२२ मध्ये संपला, पगारदारांच्याच उपयोगी पडण्याजोगा होता. पानमळ्यातील मजुराला बँकेने कर्जच दिले नाही तर व्याजाची सवलत कशावर घ्यावयाची? १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात हा दोष किती निघतो ते पाहावयाचे.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे : मंजुरीच्या आधी जागेचा कागद शासनाने स्वतः करून द्यावा, आणि पहिला हप्ता जोता पुरा होईल एवढा असावा. त्या मान्य होतील तेव्हा होवोत. तोवर वाचकांना एक विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आवर्जून जा, ड यादी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावयास लावा, आणि शेजारच्या ज्या घराचे नाव तीत नसेल किंवा जागेअभावी अडले असेल, त्याचा ठराव त्याच सभेत इतिवृत्तात लिहवून घ्या.