सत्तेची भाऊबंदकी

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेचा निकाल लागला आणि बीड जिल्ह्यात राज्याचे दोन मंत्री घरच्याच माणसांकडून पराभूत झाले. परळीत धनंजय मुंडे यांनी चुलतभगिनी पंकजा मुंडे यांना ३० हजारांहून अधिक मतांनी हरविले. बीडमध्ये संदीप क्षीरसागर यांनी काका जयदत्त क्षीरसागर यांचा निसटता पराभव केला. मतदाराने निर्भयपणे सत्ताधीश बदलले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु सत्ता उंबरठ्याबाहेर गेली काय? २०२४ सालीही बीडची लढत क्षीरसागर चुलतबंधूंतच झाली. इकडे दिवाळी सरताच ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीशी बांधून परमुलखाची वाट धरतो. शाईचे बोट कोयत्याच्या मुठीवरच राहणार असेल, तर तो कौल अपुराच होय.